खाडा

गेल्या वर्षी पोळ्याची कर झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी आर्णीच्या घराच्या गच्चीवर बसून मोबाइलकडे बघत होतो. स्क्रीनवर एकच मोठा आकडा होता. शून्य. दोन दिवसांपूर्वी तिथे १४३ होता.

ते अ‍ॅप माझंच. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि दारू सोडली त्या आठवड्यातल्या रविवारी चार तासांत मी ते लिहून काढलं होतं. त्यात अवघड काही नव्हतं. अ‍ॅप एकच गोष्ट साठवायचं, शेवटचा पेला घेतल्याची तारीख. आजच्या तारखेतून ती वजा केली की आकडा मिळायचा. रोज सकाळी तो एकाने वाढायचा आणि मला बरं वाटायचं. ४० झाले, ९० झाले, १०० झाले तेव्हा मी स्क्रीनशॉट काढून ठेवला. दाखवायला कुणी नव्हतं, तरी काढला.

करीच्या दिवशी आमच्याकडे शेतात मटण शिजतं. बैलांचा सण आदल्या दिवशी झालेला असतो, कर ही माणसांची. चुलतभाऊ, त्यांचे मित्र, बांधावरच्या बाभळीखाली सतरंजी, आणि बाटल्या. मला कुणी आग्रह केला असता तर आता सांगायला सोपं गेलं असतं. कुणी केला नाही. एकाने तर माझ्यासाठी आठवणीने थंड पेय आणलं होतं. मीच ग्लास पुढे केला.

पण मला त्या ग्लासाबद्दल बोलायचं नाही. त्यानंतरच्या तीन दिवसांबद्दल बोलायचं आहे. शून्य बघितलं त्या संध्याकाळी मी पुन्हा प्यायलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. कारण अगदी सरळ होतं. अ‍ॅप शून्याच्या खाली जात नव्हतं. १४३ चं नुकसान एका ग्लासात झालेलंच होतं, आता चार ग्लास घ्या की चाळीस, आकडा तोच राहणार. गमावण्यासारखं काही उरलेलं नसलं की माणूस किती मोकळा होतो, आणि ते मोकळेपण किती घाणेरडं असतं, हे मला त्या तीन दिवसांत कळलं.

चौथ्या दिवशी काकू कपडे वाळत घालायला गच्चीवर आली.

“काय पाहून राहिला रे इतकं?”

मी सांगितलं. अ‍ॅप दाखवलं. हिशेब समजावला.

“मंग ते एकशे त्रेचाळीस दिवस कुठी गेले?”

“गेले म्हणजे... आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.”

काकूने चादर झटकली, दोरीवर टाकली आणि चिमटे लावता लावता म्हणाली, “दूधवाल्यानं एक दिवस खाडा केला, त महिनाभराचं दूध परत घेऊन जाते का तो?”

* * *

काकूच्या हिशेबाची गोष्ट सांगायला हवी, कारण हा लेख तिथूनच निघालाय.

आमचं घर एकत्र. काका कापसाच्या जिनिंगवर काट्याजवळ कामाला होते. स्वभावाने मऊ, हिशेबाला पक्के, आणि संध्याकाळी सातनंतर कुणीतरी वेगळेच. माझ्या लहानपणी त्यांनी दारू किती वेळा सोडली याची गणती नाही. आजीच्या डोक्यावर हात ठेवून सोडली. माहूरच्या रेणुकामातेपुढे सोडली. एकदा कंबलपोष बाबाच्या दर्ग्यात जाऊन सोडली. दर वेळी घरात गोडधोड व्हायचं, आणि दर वेळी काही दिवसांनी ती शपथ मोडायची. मग घर म्हणायचं, “ह्याच्या शब्दाला काय किंमत?” आणि काका म्हणायचे, “मी असाच आहे.” त्या एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंचं एकमत असायचं.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असायचं. त्यात काकू दुधाचा हिशेब लिहायची, जसा हजारो घरांत लिहितात. एक लिटर, दीड लिटर, दूध आलं नाही तर ‘खाडा’. त्या आकड्यांच्या खाली पेन्सिलीने ती अजून एक खूण करायची. काका पिऊन आले की छोटी फुली. न पिता आले तर काहीच नाही, कोरी चौकट. काही फुल्यांभोवती गोल असायचा. मला वाटायचं, तोही दुधाचाच काही हिशेब असेल.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात काका गेले. यकृत आधीच निकामी झालं होतं. शेवटची दोन वर्षं त्यांनी खूप धडपड केली, डॉक्टरकडे गेले, गोळ्या घेतल्या, दोन वेळा घसरले, तीन वेळा घसरले, पुन्हा उठले. पण तेराव्याला जमलेल्या लोकांनी त्यांचा निकाल एका शब्दात लावला. “दारुड्या होता, पण माणूस चांगला.” काकू आत उठून गेली. नंतर तिने ट्रंकेतून शेवटची दोन कॅलेंडरं काढून माझ्यापुढे ठेवली. “मोज,” म्हणाली.

दोन वर्षांत सदतीस फुल्या. उरलेल्या जवळजवळ सातशे चौकटी कोऱ्या.

आता मला सांगा, हा माणूस काय होता? माझ्या अ‍ॅपला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं : मृत्यूच्या दिवशी आकडा एकोणीस. सातशे दिवस रोज संध्याकाळी सात ते दहा एक माणूस स्वतःशी झुंजला, त्याचा एकोणीस हा हिशेब खरा कसा?

* * *

आपण दारू सोडण्याची कल्पनाच मुळी ‘सलग’ अशी करतो. शपथ म्हणजे अखंड. मोडली की तुकडे. शपथ घेणारा आणि शपथ मागणारा दोघेही हेच धरून चालतात, आणि त्यातच मोठी गोची आहे.

अ‍ॅलन मार्लट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने या गोचीचा नीट अभ्यास केला. १९८५मध्ये ज्युडिथ गॉर्डन यांच्याबरोबर त्याने पुन्हा व्यसनाकडे वळण्याच्या प्रक्रियेवर एक पुस्तक संपादित केलं. त्यातला एक विचार मला माझ्याच तीन दिवसांचं वर्णन वाटला. पहिला पेला माणसाला जितका बुडवतो, त्याहून त्या पेल्याचा तो जो अर्थ लावतो तो जास्त बुडवतो. ‘आज माझा पाय घसरला’ असं म्हणणारा सावरण्याची शक्यता असते. ‘शेवटी मी असाच’ असं म्हणणारा बाटली संपवतो. माझे काका आयुष्यभर हे दुसरं वाक्य बोलत आले, आणि घराने त्यांना ते पाठ करून दिलं.

राम गणेश गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ आपण नावापुरतं लक्षात ठेवतो. पहिल्या पेल्याची भीती. नाटक १९१९मध्ये रंगमंचावर आलं, गडकरी त्याच्या काही दिवस आधी आमच्या विदर्भातल्या सावनेरला वारले. पण नाटकात पहिल्या पेल्याइतकंच भयंकर काही आहे ते मधल्या भागात. सुधाकर दारू सोडतो. खरंच सोडतो. मग काम मागायला ओळखीच्या लोकांच्या दारात जातो, आणि कालची ओळख त्याच्या पुढे पोचलेली असते. तो पुन्हा पेल्याकडे वळतो. सोडलेल्या माणसाला उभं राहायला जागा लागते. ती त्याला घरात, कामावर आणि स्वतःच्या डोक्यात मिळाली नाही तर त्याला माहीत असलेली एकच जागा उरते.

पुण्यातल्या व्यसनमुक्ती केंद्राचं नाव मला म्हणून फार आवडतं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू केलं. गर्दच्या व्यसनावर अवचटांनी लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदतीचा हात पुढे केला होता. नावात ‘बंदी’, ‘निर्मूलन’, ‘सुधार’ असलं काही न घालता त्यांनी नाव ठेवलं मुक्तांगण. अंगण. जिथे येऊन बसता येतं.

* * *

इथे तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, हे सगळं ठीक आहे, पण ही तर पळवाट झाली. खाडा चालतो म्हटलं की उद्या प्रत्येक जण खाडा करेल. “काकू म्हणाली, मागचं दूध नासत नाही,” असं म्हणत शुक्रवारी बाटली उघडेल.

हा आक्षेप खरा आहे, आणि मी तो स्वतःवर वापरून बघितलाय. ज्याचं शरीर दारूला बांधलं गेलंय त्याच्यासाठी एक पेला ही छोटी गोष्ट नसते. एप्रिल २०२१मध्ये लॉकडाऊनमुळे दुकानं बंद असताना आमच्याच जिल्ह्यातल्या वणीत सात माणसं सॅनिटायझर पिऊन मेली. त्यांना ‘मनाचा निग्रह नव्हता’ असं म्हणून पुढे जाता येत नाही. आणि रोज भरपूर पिणाऱ्याने फुशारकीने एका रात्रीत दारू बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टर लागतो. (हे वाचताना कुणी डोळ्यासमोर आलं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे.) म्हणजे पेल्याला हलकं लेखून चालणारच नाही.

मग काकूचा हिशेब आणि हा आक्षेप एकत्र कसे बसवायचे?

मला उत्तर सापडलं ते आमच्या वस्तीलगतच्या बुद्धविहारात, किंवा खरं तर त्याच्या भोंग्यात. लहानपणापासून मी तिथली वंदना ऐकत आलो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांना धम्मदीक्षा दिली, तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याचीही एक प्रतिज्ञा आहे. पंचशीलातलं पाचवं शीलही तेच. माझ्या वर्गमित्राने एकदा मला सांगितलं की पालीमध्ये यातल्या प्रत्येकाला ‘सिक्खापद’ म्हणतात. शिकण्याची पायरी. आज्ञा नाही, शिक्षण. आणि पंचशील एकदाच घेऊन संपत नाही. प्रत्येक वंदनेला, लग्नात, जयंतीला, पुण्यतिथीला, लोक ते पुन्हा घेतात. कालचं मोडलं म्हणूनच घेतात असं नाही, आणि कालचं मोडलं असेल तर आज घ्यायला बंदीही नाही. बाबासाहेबांच्या त्या बावीस प्रतिज्ञांत दारूची प्रतिज्ञा एकटी उभी नाही, हेही मला महत्त्वाचं वाटतं. आजूबाजूला एकवीस आहेत, आणि सगळ्या मिळून सांगतात की आजपासून तू कोण होणार आहेस. नुसतं ‘हे करू नकोस’ म्हटलं तर हातात काही उरत नाही. ‘तू आता हा आहेस’ म्हटलं की न पिणं हा त्या नव्या माणसाचा एक भाग होतो.

म्हणजे पुढे बघताना पायरी पूर्ण पायरीच असते. अर्धं सिक्खापद नसतं. ‘उद्या एक खाडा करीन’ असं आधी ठरवणारा काकूचा हिशेब करत नाही, तो दूधवाल्याला सुट्टी देतोय. पण मागे वळून बघताना जे झालं ते जसंच्या तसं बघायचं, कोऱ्या चौकटी कोऱ्या आणि फुल्या फुल्या. उद्याबद्दल कडक राहायचं आणि कालबद्दल खरं बोलायचं. आपण बहुतेक जण नेमकं उलटं करतो. उद्याला सवलत देतो आणि कालचं सगळं रद्द करतो.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या जगभर पसरलेल्या चळवळीने शपथेचा आकारच छोटा केला : फक्त आजचा दिवस. एका दिवसाचा शब्द पाळता येतो, जन्मभराचा शब्द नुसता देता येतो. ही माणसं दिवस सलगच मोजतात, शेवटच्या पेल्यापासून, आणि त्यात एक प्रामाणिकपणा आहे. पण त्यांचा स्थापनादिवस बघा. मे १९३५मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन आणि डॉ. बॉब हे दोन पिणारे भेटले. डॉ. बॉबने दारू सोडली. काही आठवड्यांतच तो डॉक्टरांच्या एका अधिवेशनाला गेला आणि पिऊन तर्र होऊन परतला. मग त्याने शेवटचा पेला घेतला तो १० जूनला, आणि तीच तारीख चळवळीची स्थापना म्हणून पाळली जाते. ज्या संस्थेने लाखो माणसांना उभं केलं तिच्या जन्मपत्रिकेतच एक खाडा आहे. बिलने त्या दिवशी ‘ह्याच्या शब्दाला काय किंमत?’ असं म्हणून गाव सोडलं असतं तर?

* * *

इथपर्यंत लिहून मी थांबलो असतो तर हा लेख मला फार सोयीचा झाला असता. कारण चांगले दिवस पुसले जात नाहीत, हे ऐकायला गोड आहे. पण काकूच्या कॅलेंडरात दुसरंही काही होतं.

गच्चीवरच्या त्या दिवशी संध्याकाळी मी तिला विचारलं, “काकू, त्या गोल केलेल्या फुल्या कायच्या?”

ती बराच वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, “हात उचलला त्या दिवसाच्या.”

मी कॅलेंडरं पुन्हा काढली. शेवटच्या दोन वर्षांत गोल एकही नव्हता. त्याआधीच्या कॅलेंडरांत होते. मी मोजले नाहीत.

“मग शेवटी तू माफ केलंस त्यांना?”

“माफ करा लागते, असं कुठी लिवलं आहे?” काकू म्हणाली. “तेही आहे, हेही आहे.”

त्या रात्री मला माझ्या शून्याचं खरं गुपित कळलं. शून्य मला इतकं का आवडत होतं? कारण ते १४३ दिवस पुसतं हे दिसत होतं, पण त्याआधीची पाच वर्षंही पुसत होतं. ‘नवी सुरुवात’ हा शब्द आपल्या पिढीला फार प्रिय आहे. रीसेट. फॅक्टरी सेटिंग. त्यात आपल्याला जे मिटवायचं असतं ते बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी सोसलेलं असतं.

माझ्या बाबतीत ती माझी मोठी बहीण. त्याच वर्षी जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी पुण्यात मित्रांबरोबर पीत होतो. फोन सायलेंटवर. रात्री बाबांच्या छातीत दुखायला लागलं. ताईने शेजाऱ्याची गाडी काढायला लावली आणि एकटीने त्यांना यवतमाळला नेलं. आर्णी ते यवतमाळ रात्रीचा रस्ता, मागच्या सीटवर बाबांचं डोकं मांडीवर, आणि एका हाताने ती मला फोन लावत होती. सकाळी नऊला मी उठलो तेव्हा अकरा मिस्ड कॉल होते. बाबा वाचले. मी म्हणालो, फोन खराब होता.

त्या दिवशी मी दारू सोडली असती तर गोष्ट किती छान झाली असती. मी सोडली नाही. आणखी तीन महिने प्यालो, थोडी जास्तच. एप्रिलमध्ये सोडली ती एका क्षुल्लक कारणाने, सोमवारच्या मीटिंगमध्ये माझे हात थरथरले आणि कुणीतरी विचारलं, एसी कमी करू का.

मग सोडल्यावर संध्याकाळी सात ते दहा नावाचं एक मोठं मैदान रिकामं झालं. ते भरायला मी काय काय केलं ते सांगण्यात अर्थ नाही, प्रत्येकाचं वेगळं असतं. स्वयंपाक शिकलो, मुळा-मुठेच्या काठाने चाललो, दोन मित्र कमी झाले, एक वाढला. पण त्या मैदानात सगळ्यात आधी येऊन बसते ती आठवण. दारू तिलाच तर बाहेर ठेवत असते. बरं होणं म्हणजे आनंदी होणं, असं मी समजत होतो. मला आलेला अनुभव असा की बरं होणं म्हणजे आधी ऐकू यायला लागणं. ते अकरा फोन मला जुलैमध्ये पहिल्यांदा नीट ऐकू आले. तरीही मी ताईला काही बोललो नाही. माझ्याकडे आकडा होता ना, वाढत जाणारा, त्याच्या आड बसलो होतो.

काकूशी बोलल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी ताईकडे गेलो. ती डबा भरत होती. मी म्हणालो, “फोन खराब नव्हता. मी प्यालो होतो. तुझे अकरा कॉल आले होते.”

तिने डब्याचं झाकण लावलं.

“चौदा,” ती म्हणाली. “तीन लागलेच नव्हते.”

ती ‘असू दे’ म्हणाली नाही. मीही ‘माफ कर’ म्हणालो नाही, ते शब्द तिथे फार छोटे वाटले. तिला कामावर जायचं होतं. मी तिला गाडीवरून स्टँडवर सोडलं.

* * *

पुण्याला परत आल्यावर मी अ‍ॅप नव्याने लिहिलं. आधी ते एकच तारीख साठवायचं, नवी आली की जुनी मिटायची. आता ते यादी साठवतं. खोडायची सोय त्यात मी ठेवलेलीच नाही. काही झालं तर खाली नवी ओळ लिहायची. हिशेबाच्या वहीचा हा जुना नियम कोणत्याही मुनिमाला माहीत असतो, मला तो कळायला इंजिनिअरिंगची डिग्री आणि काकू, दोन्ही लागलं.

मोठा आकडा मी काढून टाकला. उघडल्यावर आता महिन्याचं पान दिसतं, चौकटी चौकटींचं. पोळ्याच्या त्या आठवड्यात चार फुल्या आहेत. त्याआधी १४३ कोऱ्या चौकटी आहेत, त्यांच्यानंतरही आहेत. आणि खूप मागे, जानेवारीतल्या एका शुक्रवारी, अ‍ॅप लिहिलंही नव्हतं तेव्हाच्या तारखेला, मी हाताने एक फुली टाकली आहे. तिच्याभोवती गोल आहे. आत लिहिलंय : चौदा.

यंदाच्या करीला मी शेतात जाणार आहे. मटण मी शिजवीन, असं चुलतभावाला कळवून टाकलंय. जमेल की नाही माहीत नाही. त्या दिवसाची चौकट संध्याकाळीच भरायची आहे.